साखळीमामांची एकशे सदतीस पावलं

साखळीमामांना रस्त्यात नमस्कार केला तर ते लगेच उत्तर देत नसत. आधी हात वर करून आपल्याला थांबवत, ओठांतल्या ओठांत आकडा पुरा करत आणि मग म्हणत, "चारशे बारा. हां, बोल आता." मग आपण बोलायचं, त्यांनी ऐकायचं, मधेच कुणाच्या तरी नावानं एक शिवी हासडायची, आणि निघताना पुढचं पाऊल टाकत मोठ्यानं म्हणायचं, "चारशे तेरा." मधे अर्धा तास गेलेला असो की दोन चहा झालेले असोत, आकडा जागचा हलायचा नाही. रामनगरात अशी माणसं आहेत ज्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, पण बसस्टँडपासून आपलं घर किती पावलांवर आहे ते पाठ आहे. कारण मामांनी ते त्यांना कुणी न विचारता सांगून ठेवलेलं आहे.

मयतीलाही ते मोजत. हात पाठीमागं बांधून तिरडीच्या मागून चालायचे, ओठ हलायचे, आणि लोकांना वाटायचं रामनाम चाललंय. एकदा मी शेजारी होतो. मला हळूच म्हणाले, "नाक्यापासनं मसणवट सहाशे अकरा. पर खांदा दिला की पाऊल आखूड पडतंय, मग सहाशे चाळीस. वर निजलाय त्याला काय त्याचं!"

हे मामा माझे सख्खे मामा नव्हेत. कुणाचेच नव्हेत, त्यांना बहीणच नव्हती. गावानंच त्यांना मामा केलं आणि साखळी सरकारी मोजणीनं चिकटवली. आमचं मूळ गाव सुपा. आज जोयडा म्हणतात त्या तालुक्याचं नाव एके काळी सुपा होतं, आणि सुपा हेच तालुक्याचं ठिकाण. काळी नदीवर धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही बिऱ्हाडं उचलून रामनगरला आलो. मी तेव्हा नऊ वर्षांचा. गाव बुडायच्या आधी भरपाईसाठी घर न् घर, गोठा, परसू मोजायला साहेब लोक आले आणि शंभर कड्यांची लोखंडी साखळी धरायला गावातलेच दोन गडी रोजानं लावले. एक जण पुढचं टोक ओढत न्यायचा. मागचं टोक खुंटीशी दाबून धरणारे विशीतले मामा.

काम एवढंच, पण अख्ख्या सुप्याचं लक्ष त्या टोकावर. साखळीला जरा झोळ राहिला की परसू कागदावर वाढतं, हे सगळ्यांना दोन दिवसांत समजलं होतं. जो तो मामांना बाजूला घ्यायचा. माझ्या वडिलांनी तर परसातला सगळ्यात मोठा फणस उतरवून त्यांच्या खांद्यावर दिला आणि म्हणाले, "तेवढा झोळ असू दे बाबा."

मामा म्हणाले, "अण्णा, फणस नेतो. झोळ न्हाई."

आणि खरंच फणस नेला. साखळी मात्र तारेसारखी ताणून धरली. वडील त्यानंतर तीस वर्षं जगले आणि तीसही वर्षं त्यांनी मामांचं नाव घेताना आधी थुंकून घेतलं. परसू कमी भरलं म्हणून नव्हे, फणस गेला म्हणून. मामांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, "आयुष्यात एकच काम नीट केलं. टोक धरलं. ते हललं न्हाई. बाकीचं इचारू नकोस, मामीला ठाऊक हाय."

मामींना ठाऊक होतंच. मामी दिग्गीच्या. जंगलातल्या गावातून आलेल्या, मोजून बोलणाऱ्या. "ह्यांनी आख्खं सुपा मोजलं," त्या म्हणायच्या, "पर डब्यात तांदूळ किती उरलाय इचारा. तिथं साखळी पोचत न्हाई."

मामा सुप्याला कधी गाव म्हणत नसत. शहर म्हणत. पाच-पंचवीस दुकानांची ती वस्ती होती हे मलासुद्धा आठवतं. पण वाद घातला तर मामा ऐकायचे नाहीत. "कचेरी व्हती का न्हाई? कचेरीत कोठडी व्हती का न्हाई? कोठडीला कुलूप व्हतं. ज्या गावात मानूस आत घालून कुलूप लावायची सोय हाय, त्ये शहर." त्या कोठडीत ते स्वतः एक दिवस बसून आले होते. का, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. फक्त आतली लांबी-रुंदी सांगितली. आठ पावलं, सहा पावलं.

मी रामनगरच्या बाहेर जोयड्याच्या रस्त्याला होमस्टे चालवतो. चार खोल्या, एक पडवी, नदीवर रबरी होड्यांतून आदळून आलेली ओली माणसं आणि त्यांचे टॉवेल. मामा रोज तीन हजार नऊशे चार पावलं चालून माझ्याकडं चहाला यायचे. "तुझ्याकडं च्या वंगाळ असतोय, पर मानसं नवी असत्यात," हे कारण. मला ते 'सावकार' म्हणायचे. आमच्याकडं मालकाला सावकारच म्हणतात, त्यात काही वावगं नाही. पण मामांच्या तोंडून ऐकलं की आपण कुणाचं तरी लुबाडलंय असं वाटायचं. पुढं खरंच लुबाडलं, तेव्हा मात्र ते मला परशा म्हणायला लागले. ते ओघानं येईलच.

एकदा पुण्याची पाच-सहा पोरंपोरी गोव्याहून परतताना माझ्याकडं उतरली. त्यांच्याकडं एक छापील कागद होता. पणजीच्या जुन्या गल्ल्यांतला ट्रेझर हंट. सोबत गाईड नाही, कुणी नाही; कागदावरचं कोडं सोडवायचं, त्यानं सांगितलेलं दार किंवा विहीर शोधायची, तिथं पुढचं कोडं. शेवटी बक्षीस. मामांनी चष्मा लावून तो कागद दोन्ही बाजूंनी बघितला.

"बक्षीस काय मिळालं?"

"केक, काका. अर्ध्या किमतीत."

"म्हंजे दिवसभर उन्हात फिरून शेवटाला अर्धं पैसं तुम्हीच दिलं?" मामांनी कागद परत केला. "ह्येच्यापेक्षा आमचं सुपा शहर शोधा की. आत्ता पानी खाली गेलंय. निम्मं शहर चिखलात हाय, निम्मं अजून पान्यात. पान्यातलं सोडून शोधायचं."

उन्हाळा कडक गेला की धरणाचं पाणी इतकं उतरतं की सुप्याचा वरचा भाग उघडा पडतो. देवळाच्या पायऱ्या, जोती, विहिरीचे कठडे, बुंधे. आम्ही जुने लोक तिकडं जायचं टाळतो. मामा दुसऱ्याच दिवशी माझ्या जीपमध्ये बसून गेले आणि चार दिवस चिखलात फिरत राहिले.

चिठ्ठ्या त्यांनी लग्नपत्रिकांच्या मागं लिहिल्या. मामा पत्रिका पुढून वाचतच नसत. पाठ कोरी आहे का एवढं बघत. प्रत्येक चिठ्ठी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत, बाटली दगडाखाली. पहिली चिठ्ठी मला अजून पाठ आहे. "विहिरीपासनं मावळतीला चाळीस पावलं. इथं किराणा दुकान व्हतं. शेट तागडीला अंगठा लावायचा. त्येच्या जागंवर उभा ऱ्हा. तोंड दुकानाकडं कर. देवाकडं पाठ चालते, शेटकडं न्हाई." दुसरी देवळाच्या मागच्या भिंतीकडं नेत होती, जिथं पुजारी आरतीच्या आधी विडी ओढायचा. तिसरी शाळेच्या जोत्यावर, मास्तर ज्या कोपऱ्यात घोरायचे तिथं. चौथी कोठडीत. असा सगळा इतिहास. पोरांना हसून हसून पुढची बाटली सापडायची नाही.

पावलांची मात्र गंमत नव्हती. आकडे मामांच्या पावलांचे, आणि शोधणाऱ्याची ढांग लांब असली की माणूस भलत्याच जोत्यावर जाऊन उभा राहायचा. म्हणून मामांनी बांबूची सव्वादोन फुटाची काठी तोडली. तिचं नावच 'पाऊल'. ती जमिनीवर उलटीपालटी टाकत मोजायचं. काठी हातात दिली की मामांचं काम संपलं. ते काठावर माझ्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत छत्री उघडून बसायचे. कुणी खालून ओरडलं, "मामा, डावीकडं का उजवीकडं?" की छत्री तोंडासमोर धरायचे. मी एकदा म्हटलं, सांगा की, म्हातारी माणसं आहेत. तर म्हणाले, "हात धरून दाखवलं तर गाव दिसत न्हाई, हात दिसतोय."

त्या उन्हाळ्यात माझ्या पाहुण्यांबरोबर रामनगरचे लोकही जायला लागले. जे चाळीस वर्षं तिकडं फिरकले नव्हते ते लग्नपत्रिका हातात घेऊन चिखलात आपल्या वाडवडिलांच्या लबाड्या शोधू लागले. चिडले फक्त शिवाप्पाशेट. तो अंगठा त्यांच्या वडिलांचा.

"मामा, ही बदनामी हाय. मेलेल्या मानसाची."

"शिवाप्पा, तुझ्या बाचा अंगठा सुप्यात सगळ्यांत जड व्हता. ह्ये तुझ्या घराण्याचं भूषण हाय मर्दा, लपवतोस कशाला?"

"आन् देवळाची चेष्टा? देवाला तरी सोडा."

"देव तर आपन ट्रकातनं रामनगरला आणलाय. तिथं ऱ्हायलंय त्ये विडीचं थोटूक. त्याचीच चेष्टा करतोय."

आता माझं सांगतो. मी बोलका माणूस नाही, आणि हे तर कुणाशीच बोललेलो नाही, दोन माणसं सोडून.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा आणखी कडक गेला. पाणी कधी नव्हे इतकं खाली उतरलं. एप्रिलात मी एकटाच फिरायला गेलो असताना देवळाच्या पलीकडं चिखलातून एक दगडी डोणी वर आलेली दिसली. गुरांना पाणी पाजायची असते तशी, एकाच दगडातून कोरलेली, पुरुषभर लांब. काठावर एक गुळगुळीत खाच. कुणाची असेल, असा विचार माझ्या मनात आला. आला आणि गेला. बुडीत गावातलं, बेवारशी, पावसाळ्यात परत पाण्यात जाणार. परगावचे चार गडी आणि ट्रॅक्टर लावून मी ती उचलून आणली, अंगणात ठेवली, पाणी भरलं, वर जास्वंदीची फुलं सोडली. पाहुणे तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. होमस्टेच्या जाहिरातीत पहिला फोटो डोणीचा. मी सांगायचो, आमच्या घरची पिढीजात आहे. तेव्हा मामा मूळव्याधीनं घरात होते. दीडेक महिना माझ्याकडं आले नाहीत. मधे वळवाचे दोन पाऊस झाले आणि डोणी होती तिथला खड्डा चिखलानं भरून सपाट झाला.

मेच्या शेवटी मामांनी चिठ्ठ्या काढल्या. या वेळी बाकी सगळ्या बाटल्या त्यांनी स्वतः जाऊन ठेवल्या, पण शेवटच्या जागेवर गेले नाहीत. "यंदा माझं घर उघडं पडलंय," एवढंच म्हणाले. "मी न्हाई बघणार. तुम्ही बघून या आन् मला सांगा." आकडा त्यांना बघून लिहायची गरज नव्हती. साखळीनं मोजलेला होता.

त्या दिवशी तीस-चाळीस माणसं होती, मामीही होत्या. शिवाप्पाशेट नाराजी दाखवायला म्हणून का होईना, आले होते. कोठडीतली बाटली उघडली आणि पुण्याच्या एका मुलीनं शेवटची चिठ्ठी मोठ्यानं वाचली:

"देवळाच्या खालच्या पायरीपासनं उगवतीला एकशे सदतीस पावलं. तिथं दगडी डोणी हाय. माझी पहिली आंघोळ त्यात झाली. म्हशीच्या आधी का नंतर, त्ये आईनं सांगितलं न्हाई. डोणीला हात लावून या, आन् मला सांगा. बास. ह्योच खजिना."

सगळे हसले. माझ्या अंगणातल्या डोणीचं नाव कुणी काढलं नाही; ती पिढीजात आहे असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

त्यांनी काठीनं मोजलं. काही नाही. परत मोजलं. वर जाऊन मामांना सांगितलं, तर मामा छत्री मिटून उठले. शोध चालू असताना पहिल्यांदाच खाली आले. देवळाच्या पायरीला टाच लावली आणि निघाले. एकशे सदतीसला थांबले. सपाट चिखल. मागं गेले, परत आले. सपाट चिखल. तिसऱ्या खेपेला निम्म्यात त्यांचे ओठ थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "किती झालं रे?"

त्या माणसानं आकडा कुणाला विचारलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

मी काय सांगायला हवं होतं ते वाचणाऱ्याला कळतंय. मलाही कळत होतं. वीतभर चिखल उकरा, एवढं म्हटलं असतं तरी खुणा निघाल्या असत्या. मी हसलो. म्हणालो, "मामा, वय झालं आता." पहिला मी हसलो. कुणीतरी हसल्याशिवाय बाकीचे हसत नाहीत. त्या हसण्यात वडिलांचा फणसही थोडा होता, हे आता लपवत नाही.

मग शिवाप्पाशेट पुढं झाले. "मामा, आज चुकलं म्हंजे तवाबी चुकलं असणार की. आमचं परसू दोन पावलं कमीच भरलं व्हतं. बाबा मरेपर्यंत म्हणत व्हते."

"आमचं पण," मागून कुणीतरी म्हणालं. आणि मग चिखलात उभं राहून ज्याचं त्याचं परसू वाढू लागलं. कुणाचं तीन पावलं, कुणाचं पाच. मामांनी पोरांच्या हातातली काठी घेतली. ती मामींच्या हातात दिली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

त्यानंतर बाजारात मामांना नमस्कार केला की ते लगेच "नमस्कार" म्हणायला लागले. हात वर नाही, आकडा नाही. जगातली सगळी माणसं असंच करतात, पण मामांनी केलेलं मला बघवेना, म्हणून मी रस्ता बदलून जायचो.

पंधरा दिवसांनी ते लाल खुर्ची डोक्यावर घेऊन माझ्याकडं येताना दिसले. मी अंगणात होतो. काय करावं सुचेना. दोरीवरच्या चादरी ओढल्या आणि वाळत घातल्यासारख्या डोणीवर पसरल्या. चार चादरी आणि एक टॉवेल. मामांनी खुर्ची ठेवली. "तुझी हाय. आता लागत न्हाई." मी म्हटलं, बसा, चहा आणतो. आणलेल्या खुर्चीत न बसता ते चादरींवर बसले. बरोबर डोणीच्या काठावर. मी चहा घेऊन आलो तेव्हा त्यांचा एक हात चादरीखाली होता.

"चादरी लई हैत रे तुझ्याकडं," ते म्हणाले.

"सीझन आहे, मामा."

"हां. सीझन हाय." चहा संपवला, कप खाली ठेवला. "येतो, परशा."

दोन दिवसांनी बाजारात नमस्कार केला तर हात वर. "सातशे एक. हां, बोल." मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, सावरले बिचारे. माणूस स्वतःला किती सहज माफ करतो. चिठ्ठ्या मात्र त्यांनी पुन्हा लिहिल्या नाहीत. पाणीही पुढं तेवढं उतरलं नाही. चावडीवर, चहाच्या टपरीवर लोक मुद्दाम विचारायचे, "मामा, इथनं तिथवर किती? पक्कं का? बघा हं, डोणी सापडायची न्हाई." मामा आकडा सांगायचे आणि पुढं जायचे. त्या एका दुपारनं त्यांच्या आयुष्यातलं एकमेव नीट केलेलं काम खोटं ठरलं होतं, आणि ते खरं होतं हे जाणणारा मी रोज डोणीत ताजी फुलं घालत होतो.

तीन उन्हाळे असे गेले. मग मामा मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेलो. पहिल्या खेपेला नारळाच्या भावावर बोलून परत आलो. दुसऱ्या खेपेला टायरवर. तिसऱ्या खेपेला मामा खाटेवर टेकून बसले होते आणि मोरीपर्यंतचं अंतर आधी अकरा पावलं होतं ते वॉकरमुळं सव्वीस झालं, असं सांगत होते. त्यांचं वाक्य मधेच तोडून मी म्हणालो, "मामा, ती डोणी माझ्याकडं आहे."

"हां," मामा म्हणाले. "बोल पुढं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच्यावर बसून तर च्या प्यालो. चादरीखाली हात घातला, खाच लागली. म्हशीच्या दाव्यानं पडल्याली खाच हाय ती. आमची म्हस लई वढाळ व्हती. तुझ्यासारखी न्हाई, गप गवत खाणारी."

आत स्वयंपाकघरात मामींनी भांडं जरा जोरातच आपटलं.

"मग सांगितलं का नाही कुणाला? लोक तुम्हाला काय काय बोलले."

"सांगून? शिवाप्पानं तुझ्या अंगणात पंचायत भरवली असती. माझं हसं झाल्यालंच व्हतं. दोघांचं कशाला? मला कळलं, आकडा बरोबर हाय. माझं भागलं." त्यांनी वॉकर जरा बाजूला सारला. "पर मला वाटलं, तू येशील. चार दिवसांत येशील, आठ दिवसांत येशील. तीन उन्हाळं गेलं. पानीसुद्धा उन्हाळ्यात उतरतंय रे, परशा. तू उतरला न्हाईस."

मामींनी चहा आणून दिला. साखर नव्हती. चुकून राहिली असेल असं मला वाटत नाही.

निघताना मामा म्हणाले, "पानी खाली गेलं की नेऊन ठेव. आन् ती फुलं काढ आधी. म्हशीनं बघितलं असतं तर मेली असती हसून." चारचौघांत कबूल कर, असं त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं.

त्याच पावसाळ्यात मामा गेले. मी खांदा दिला आणि न ठरवता मोजत गेलो. माझी ढांग लांब, त्यामुळं सहाशे दोनच भरले. फरक पावलाचा होता, मामांचा नव्हता. मसणवटीत चिता पेटल्यावर शिवाप्पाशेट बाजूला उभे राहून म्हणाले, "मानूस सोन्यासारखा. मोजणीत तेवढा कच्चा." सगळ्यांनी मान हलवली. मी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. पहिल्या वेळी घाबरलो होतो असं म्हणता येईल. या वेळी कशाला घाबरत होतो? ज्याची लाज वाटायची तो समोर जळत होता.

या मेमध्ये पाणी पुन्हा तेवढं खाली गेलं. तोच ट्रॅक्टर, चार गडी. मामी बांबूचं पाऊल घेऊन आल्या आणि काठावर लाल खुर्चीत बसल्या, छत्रीही तीच. देवळाच्या खालच्या पायरीपासून उगवतीला मी काठी टाकत गेलो. एकशे सदतीस. तिथं फावडं मारलं. वीतभर खाली दगडी फरशी लागली आणि फरशीत खोदलेली लांबट बैठक. गड्यांनी डोणी दोरानं सोडली. थोडी तिरकी झाली, खरवडली आणि खट्ट करून बसली. मी दोन्ही हातांनी हलवून बघितली. बोटभरही हलली नाही.

वर गेलो. मामींनी विचारलं, "बसली?"

"बसली."

"म्हंजे त्यांचं बरोबर व्हतं."

"बरोबर होतं, मामी."

"मग मला काय सांगतोस? मला ठाऊक हाय. गावात जाऊन सांग."

गावात जाऊन सांगायला मी दोनदा निघालो. शिवाप्पाशेटच्या दुकानात जाऊन दोन्ही वेळा साबण घेऊन परत आलो. बोलणं मला जमत नाही, म्हणून लिहिलं. शिवाप्पाशेट, तुमचं परसू बरोबर मोजलेलं होतं. आमचंही. फणस फुकट गेला. डोणी मी नेली होती, पिढीजात वगैरे काही नव्हती, आणि त्या दिवशी पहिला मी हसलो.

पाऊल मामींच्या दारामागं खिळ्याला टांगलेलं आहे. मागितलं की देतात. देवळाच्या खालच्या पायरीला टाच लावायची, तोंड उगवतीला, एकशे सदतीस. वाट दाखवायला मी येणार नाही. डोणीला हात लावून या, आणि काठी परत देताना मामींना सांगा. त्या प्रत्येकाला एकच विचारतात, "हाय न्हवं जागंवर?"